मंठा परिसरातील दैवतकथा आणि आदिबंध : लोणार, माहूर व अंबड येथील कथांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

जगातील निरनिराळ्या संस्कृतींच्या पुराणकथा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या असता त्यांतील साम्याने वाचक चकित होतो. महासागरांनी वेगळ्या केलेल्या, परस्परांची भाषा न जाणणाऱ्या समाजांनी जवळजवळ एकच कथा सांगितलेली दिसते. जलप्रलय, भूमीखाली दडलेला दैत्य, मागे वळून पाहू नये असा निर्बंध, मातेचा वध करणारा पुत्र हे कथाभाग भारतात, ग्रीसमध्ये, जपानमध्ये आणि मेसोपोटेमियात पुन्हा पुन्हा आढळतात. या साम्यास अभ्यासकांनी ‘आदिबंध’ ही संज्ञा योजिली आहे.

या विषयावरील बहुतेक विवेचन ग्रीक वा नॉर्स कथांच्या आधारे होते आणि भारतीय उदाहरण द्यायचे झाल्यास वेद व महाभारत यांपलीकडे सहसा जात नाही. आपल्या पायाखालच्या कथा मात्र ‘स्थानिक आख्यायिका’ म्हणून बाजूला राहतात. जालना जिल्ह्यातील मंठा हे गाव मध्यबिंदू मानून पाहिले, तर या अभ्यासास उपयुक्त अशी तीन स्थळे सहज डोळ्यांपुढे येतात. ईशान्येस जिल्ह्याची सीमा ओलांडताच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर आहे. पूर्वेस नांदेड जिल्ह्यात रेणुकेचे माहूर आहे. पश्चिमेस जालना जिल्ह्यातच अंबडची मत्स्योदरी आहे. या तीन ठिकाणच्या कथांचा जगातील समांतर कथांशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, या तीन कथांतील जगभर आढळणारे कल्पनाबंध निश्चित करणे. दुसरे, प्रत्येक साम्याचे कारण कोणते, याचा शोध घेणे. तिसरे, आदिबंधाच्या संकल्पनेने स्थानिक इतिहासाच्या अभ्यासास काय लाभते आणि तिच्या अतिवापराने काय हरवते, याचा विचार करणे. त्यासाठी तुलनात्मक व ऐतिहासिक अशा दोन्ही पद्धतींचा अवलंब केला आहे. दोन कथांतील साम्य दाखवून न थांबता त्यांतील भेदही नोंदविणे आवश्यक मानले आहे. कारण साम्य मानवजातीविषयी सांगते, तर भेद त्या विशिष्ट समाजाविषयी सांगतो.

आदिबंधाची संकल्पना

कथांतील साम्याची मीमांसा एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे. जर्मन पंडित थिओडोर बेन्फाय यांनी १८५९ मध्ये पंचतंत्राचे भाषांतर प्रसिद्ध करताना, भारतीय कथा प्रवासी व भाषांतरे यांच्याद्वारे पश्चिमेकडे गेल्या, असे प्रतिपादन केले. हा प्रसरणाचा सिद्धान्त होय. एडवर्ड टायलर यांनी १८७१ मधील आपल्या ग्रंथात वेगळी दिशा घेतली. मानवी मन सर्वत्र सारखे असल्याने समान परिस्थितीत समान कल्पना स्वतंत्रपणे जन्म घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. कार्ल युंग यांनी १९१९ पासून ‘आदिबंध’ या अर्थाची संज्ञा वापरून या साम्याचे मूळ सामूहिक नेणिवेत शोधले. १९४९ मध्ये जोसेफ कॅम्पबेल यांनी जगातील वीरकथांचा एकच आराखडा मांडला. दुसरीकडे स्टिथ थॉम्पसन यांनी १९३२ ते १९३६ या काळात कल्पनाबंधांची सहा खंडांची सूची सिद्ध करून या अभ्यासाला वर्गीकरणाचा भक्कम पाया दिला.

महाराष्ट्रातील संशोधकांनी या प्रश्नाकडे मुख्यतः इतिहासाच्या अंगाने पाहिले. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात पायवाटा, माळरानावरील देवस्थाने आणि पुराणकथा यांची सांगड घातली. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ च्या ग्रंथात मातृदेवतेच्या उपासनेचा मागोवा घेतला. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्या कथा धनगरांच्या जीवनाशी जोडून दाखविल्या. दैवतकथा ही आकाशातून पडत नाही, ती विशिष्ट भूमीत आणि विशिष्ट लोकांत वाढते, हे सूत्र या सर्वांच्या लेखनात आढळते. प्रस्तुत लेखात हीच दृष्टी स्वीकारली आहे.

लोणार : लवणासुराची कथा

वऱ्हाडच्या इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये लोणारची कथा नोंदलेली आहे. तिचा सारांश असा : लोणासुर अथवा लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालील विवरात राहत असे. त्याने आसपासचा प्रदेश उद्ध्वस्त केला आणि देवांनाही आव्हान दिले. त्याचे निवासस्थान कोणासही ठाऊक नव्हते. तेव्हा विष्णूने दैत्यसूदन नावाच्या सुंदर तरुणाचे रूप घेतले. त्याच्या रूपावर लुब्ध झालेल्या दैत्याच्या दोन बहिणींनी भावाची लपण्याची जागा सांगून टाकली. विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवरावरील झाकण उडविले, निद्रिस्त दैत्याचा वध केला आणि त्याच खड्ड्यात त्याला गाडले. सरोवराचे पाणी हे दैत्याचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे कुजलेले मांस, अशी समजूत आहे. उडालेले झाकण म्हणजे नैर्ऋत्येस सुमारे ३६ मैलांवरील दाकेफळजवळची टेकडी, असे गॅझेटिअर सांगते. लोणारवरून पाहता मंठा आणि परतूर हा भाग साधारण याच अंगास येतो.

लोणार गावातील चालुक्य–यादवकालीन दैत्यसूदन मंदिरात हीच कथा शिल्परूपाने स्थिर झाली आहे. गाभाऱ्यातील विष्णू दैत्याच्या देहावर उभा आहे. मे महिन्यात काही दिवस सूर्यकिरण मूर्तीवर पडतात आणि तो सोहळा पाहण्यास भाविक जमतात. सरोवराच्या काठी कमळजादेवीचे स्थान आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते. महानुभावांच्या लीळाचरित्रातही लोणारचा उल्लेख येतो. म्हणजे तेराव्या शतकात हे स्थान प्रख्यात तीर्थ होते.

या कथेतील चार कल्पनाबंध जगाच्या कथाभांडारात ओळखीचे आहेत.

पहिला, भूमीखालील दैत्य आणि त्याचा वध करणारा देव. ऋग्वेदातील इंद्र–वृत्र, बाबिलोनमधील मार्दुक–तियामत, ग्रीसमधील अपोलो–पायथॉन आणि झ्यूस–टायफॉन या जोड्या सर्वपरिचित आहेत. टायफॉनला एटना पर्वताखाली गाडले, असे ग्रीक कथा सांगते. लवणासुरालाही त्याच्याच विवरात गाडले जाते.

दुसरा, दैत्याच्या बहिणीने केलेला रहस्यभेद. क्रीट बेटावरील मिनोटॉर चक्रव्यूहात राहत असे. त्याची सावत्र बहीण अरिआद्नी ही परदेशी तरुण थिसिअस याच्या प्रेमात पडली आणि तिने त्यास चक्रव्यूहातून परतण्यासाठी सुताचे भेंडोळे दिले. बंदिस्त निवासस्थान, रूपवान आगंतुक, अनुरक्त बहीण आणि भावाचा वध हा क्रम दोन्ही कथांत तंतोतंत सारखा आहे. फरक पुढे पडतो. थिसिअस अरिआद्नीला नॅक्सॉस बेटावर टाकून जातो आणि तिचे दुःख हा ग्रीक काव्याचा मोठा विषय बनतो. लोणारच्या गॅझेटिअरमधील कथेत मात्र त्या दोन बहिणींचे पुढे काय झाले, हे सांगितलेलेच नाही.

तिसरा, दैत्याच्या देहातून घडलेला भूप्रदेश. तियामतच्या देहाचे दोन भाग करून मार्दुक आकाश व पृथ्वी निर्माण करतो. नॉर्स कथेत यमीर या आदिदैत्याच्या रक्ताचा समुद्र बनतो. लोणारच्या सरोवराचे पाणी रक्त मानणे हे याच कुळातील आहे.

चौथा, कुजणाऱ्या देहाचा. अपोलोने मारलेला सर्प उन्हात कुजला म्हणून डेल्फीस ‘पायथो’ हे नाव पडले, असे प्राचीन ग्रीक स्तोत्र सांगते. ‘कुजणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्या नावाचे नाते जोडलेले आहे. लोणारच्या क्षारांना कुजलेले मांस मानण्यामागे सरोवरकाठच्या चिखलाचा उग्र दर्प नसेल, असे म्हणता येत नाही.

साम्याची कारणे

ही चारही साम्ये एकाच कारणाने उद्भवली, असे मानणे अशास्त्रीय ठरेल. इंद्र–वृत्र आणि अपोलो–पायथॉन यांच्या बाबतीत भाषिक पुरावा उपलब्ध आहे. संस्कृत व ग्रीक या एकाच भाषाकुलातील भगिनी असून सर्पवधाचे वर्णन करणारी शब्दरचनाही त्यांत मूळची सामायिक आहे, हे कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ मधील ग्रंथात साधार दाखविले. येथे साम्य वारशाचे आहे. विष्णूने लवणासुरास मारण्याची कथा वैदिक दैत्यवधाच्या दीर्घ परंपरेतून आली असल्याने ती या वारशाची दूरची वारसदार ठरते.

दैत्याचे नावही परंपरेतूनच आलेले दिसते. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात मधुदैत्याचा पुत्र लवण येतो. त्याच्याजवळ शिवाचा शूल असतो आणि शत्रुघ्न त्याचा वध करून मथुरा वसवितो. ती कथा यमुनातीरावरील आहे. तीत विवर नाही, सरोवर नाही आणि बहिणीही नाहीत. लोणारच्या कथेशी तिचे साम्य नावापुरतेच आहे. मग हे नाव येथे का रुजले? त्याचे उत्तर भूमीत आहे. लोणारचे सरोवर क्षारांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध होते. आईन-इ-अकबरीमध्ये वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना येथे काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. डल्ला, खुप्पल, पापडी अशा निरनिराळ्या नावांनी हे क्षार ओळखले जात. ‘लवण’ म्हणजे मीठ. ज्या भूमीत मीठ काढले जात होते, त्या भूमीने रामायणातील नावाला आपल्याकडे ओढून घेतले असावे. आदिबंधाचा सांगाडा बाहेरचा असला तरी त्यावरील मांस असे स्थानिक अर्थव्यवस्थेचे असते.

झाकणाचा कल्पनाबंध मात्र वारसा वा प्रसरण यांनी उलगडत नाही. तो भूप्रदेशाच्या निरीक्षणातून आलेला आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार आणि काठाशी उंचावलेले आहे. एवढा मोठा खड्डा पाहणाऱ्यास पडणारा पहिला प्रश्न असा, की येथील माती गेली कोठे? कथेने उत्तर दिले : ती झाकणाच्या रूपाने उडून दूर पडली. विशेष म्हणजे हाच प्रश्न आधुनिक भूशास्त्रानेही विचारला. अमेरिकेतील ॲरिझोना येथील विवराचा अभ्यास करताना ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी खड्ड्याचे आकारमान आणि काठावर साचलेल्या मातीचे आकारमान यांची तुलना केली. १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात त्यांनी लोणारचाही विचार केला. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असा निष्कर्ष काढला; तो पुढे चुकीचा ठरला. परंतु प्रश्न योग्य होता. वऱ्हाडातील अज्ञात कथाकार आणि अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ यांना एकाच जातीच्या खड्ड्याने एकच प्रश्न विचारावयास लावला.

स्मृती की अनुमान ?

येथे एका प्रचलित विधानाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. लोणारचे विवर उल्कापाताने झाले आणि लवणासुराच्या कथेत त्या उल्कापाताची आठवण साठविलेली आहे, असे लोकप्रिय लेखनात वारंवार म्हटले जाते. आपल्या पूर्वजांना हे ज्ञान होते, असाही निष्कर्ष त्यातून काढला जातो.

इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या विवराची नोंद केल्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीजन्य मानले जात होते. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी येथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारी खनिजरूपे दाखवून दिली आणि आघाताचा सिद्धान्त प्रस्थापित झाला. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या स्थळाला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा दिला. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे निघाले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे असल्याचे दाखविले. दुसरा आकडा ग्राह्य धरल्यास त्या काळी आधुनिक मानव अस्तित्वातच नव्हता. पहिला ग्राह्य धरला तरी पन्नास सहस्र वर्षे अखंड टिकलेल्या मौखिक स्मृतीचा पुरावा देता येणार नाही. शिवाय कथेत आकाशातून काहीही पडत नाही. जे घडते ते भूमीतून वर उडते. उल्केची स्मृती असती, तर दिशा उलट असावयास हवी होती.

याचा अर्थ कथांत घटनांची स्मृती कधीच नसते, असा नव्हे. उत्तर अमेरिकेतील क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा अधिपती लाओ आणि आकाशाचा अधिपती स्केल यांच्या युद्धाचे वर्णन येते. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वताच्या उद्रेकाने क्रेटर लेक हे सरोवर निर्माण झाले. उद्रेकाच्या राखेखाली मानवी वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. तेथे स्मृतीची शक्यता सबळ आहे. याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियातील वुल्फ क्रीक विवराशी जारू लोक इंद्रधनुषी सर्पाची कथा जोडतात. अलीकडील मापनानुसार ते विवर सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्या खंडात मानव पोहोचण्यापूर्वीचे आहे. लोणारची कथा या दुसऱ्या वर्गात मोडते. भूवैज्ञानिक घटनांशी निगडित कथांच्या अभ्यासास डोरोथी विटालिआनो यांनी १९६८ मध्ये स्वतंत्र नाव दिले. त्या शाखेतही ही दक्षता घेतली जाते.

या निष्कर्षाने लोणारच्या कथेचे मोल कमी होत नाही. स्मृती नसून अनुमान असेल, तर तिचे श्रेय एखाद्या घटनेस नव्हे, तर ते अनुमान करणाऱ्या लोकांच्या निरीक्षणशक्तीस जाते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारता वाढल्याने रंगद्रव्य धारण करणारे क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढले, हे त्याचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत पुढे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रक्ताची कथा जाणणाऱ्यास त्या रंगाने कथेची आठवण होणे स्वाभाविक होते. परंतु त्या आठवणीस पुरावा मानणे ही इतिहासाची पद्धत नव्हे.

माहूर : मागे वळून पाहण्याचा निर्बंध

महाभारताच्या वनपर्वात रेणुकेची कथा आहे. चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहून रेणुकेचे मन क्षणभर विचलित झाले. क्रुद्ध जमदग्नीने पुत्रांना मातृवधाची आज्ञा केली. चौघांनी ती मानली नाही. परशुरामाने मानली आणि वर म्हणून मातेचे पुनरुज्जीवन मागितले. मातृवध करणारा पुत्र ग्रीक वाङ्मयातही आहे. एस्किलसच्या इ. स. पूर्व ४५८ मधील नाट्यत्रयीत ओरेस्टिस पित्याच्या सूडासाठी मातेस ठार करतो आणि अथेन्सच्या न्यायसभेपुढे त्याचा निवाडा होतो. दोन्ही कथांत पित्याचा अधिकार मातेच्या जीवापेक्षा वरचढ ठरतो. पितृसत्ताक व्यवस्था स्थिरावताना उद्भवलेला समान पेच म्हणून हे साम्य समजता येते. भेद मात्र लक्षणीय आहे. ओरेस्टिस दोषमुक्त होतो, पण माता परत येत नाही. परशुराम मातेला परत मागतो आणि पुढे महाराष्ट्रात तीच माता मुख्य दैवत होते.

माहूरची स्थानिक परंपरा महाभारतापेक्षा वेगळी आहे. पित्याच्या वधानंतर परशुराम माहूरच्या डोंगरावर आला, दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली जमदग्नीचा अंत्यसंस्कार झाला आणि रेणुका सती गेली. मातेच्या विरहाने व्याकुळ झालेल्या पुत्रास ती भूमीतून पुन्हा प्रकट होईल, मात्र तोवर मागे वळून पाहू नकोस, असे सांगण्यात आले. अधीर झालेल्या परशुरामाने मागे पाहिले. त्या वेळी मातेचे मुख तेवढे भूमीबाहेर आले होते. ते तसेच राहिले. माहूरच्या गडावर देवीचे मुखच पुजले जाते, ते यामुळे, अशी श्रद्धा आहे.

मृत प्रिय व्यक्तीला परत आणताना मागे वळून पाहण्याची मनाई हा कल्पनाबंध सर्वत्र पसरलेला आहे. ग्रीक गायक ऑर्फिअस पत्नीला पाताळातून आणताना वळून पाहतो आणि तिला कायमचा गमावतो. इ. स. ७१२ मधील जपानी ‘कोजिकी’ ग्रंथात इझानागी हा मृत पत्नी इझानामीकडे मनाई असताना पाहतो आणि तिचे कुजलेले रूप पाहून पळ काढतो. माहूर आणि जपान यांच्यात या कथेचा प्रवास झाल्याचा पुरावा नाही. मृत्यू अपरिवर्तनीय आहे आणि तरीही तो मान्य करवत नाही, या सार्वत्रिक अनुभवातून ती ठिकठिकाणी उगवली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

येथेही भेद अधिक बोलका आहे. ऑर्फिअस सर्वस्व गमावतो आणि इझानागी भयाने पळतो. परशुरामाला मात्र अर्धी का होईना, माता मिळते. याचे कारण उपासनेत आहे. महाराष्ट्रातील अनेक देवी तांदळा-स्वरूपात, म्हणजे पूर्णाकृती मूर्तीऐवजी मुखरूप अथवा पाषाणरूप पुजल्या जातात. ही पद्धती एका कथेपुरती मर्यादित नाही. त्यामुळे ती कथेहून जुनी असण्याचा संभव आहे. पूर्णाकृती मूर्ती सर्वत्र प्रतिष्ठित झाल्यावर ‘आपल्या देवीला देह का नाही?’ हा प्रश्न निर्माण झाला असावा. त्याला उत्तर देण्यासाठी जगातील एक अतिप्राचीन कल्पनाबंध उपयोगी पडला. आदिबंधाने दैवत निर्माण केले नाही. दैवताने आदिबंधाला कामाला लावले.

अंबड : फसव्या साम्याचे उदाहरण

तिसरे उदाहरण सावधगिरीसाठी घेतले आहे. अंबड येथील टेकडी मत्स्याकार दिसते आणि तिच्यावरील देवी मत्स्योदरी या नावाने प्रसिद्ध आहे. ‘मत्स्य’ शब्द दिसताच तुलनेचा मोह होतो. शतपथ ब्राह्मणात मनूला प्रलयातून तारणारा मत्स्य आहे. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी उलगडून दाखविलेल्या गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या फलकात जलप्रलय आहे. मत्स्याच्या उदरातून शिवोपदेश ऐकणारे मत्स्येंद्रनाथ आणि बायबलमधील मत्स्योदरात राहिलेला योना हेही डोळ्यांपुढे येतात.

परंतु नावापलीकडे दुवा सापडत नाही. टेकडीचा आकार हेच नावाचे पुरेसे स्पष्टीकरण आहे. त्याखेरीज मत्स्योदरी नावाचे तीर्थ काशीतही आहे आणि काशीतील तीर्थांची नावे आपल्या गावातील स्थानांस देण्याची प्रथा भारतभर होती, हेही विसरता येणार नाही. एका शब्दावरून अंबडला प्रलयकथेशी जोडणे म्हणजे अंबडचा स्वतःचा इतिहास पुसणे होय. कथेची घडण, घटनाक्रम आणि पात्रांचे परस्परसंबंध जुळल्याखेरीज केवळ प्रतीक जुळले म्हणून आदिबंध सिद्ध होत नाही.

नोंदींचा इतिहास आणि आजचे कार्य

या कथा आपल्यापर्यंत कशा पोहोचल्या, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यामुळे लोणार इंग्रजी प्रशासनात गेले आणि मंठा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. वऱ्हाडासाठी अल्फ्रेड लायल यांचे गॅझेटिअर १८७० मध्ये आणि बुलढाणा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर १९१० मध्ये तयार झाले. लोणारची कथा इंग्रजी कागदावर आली ती या प्रशासकीय रेषेच्या पलीकडच्या बाजूस. झाकण मात्र, कथेप्रमाणे, नैर्ऋत्येकडे उडाले. १९५६ मध्ये दोन्ही प्रदेश एका राज्यात आले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. तरी नोंदींतील ही रेषा पुसली गेलेली नाही. लोणारची कथा आज जी सर्वत्र सांगितली जाते, ती बहुतांशी गॅझेटिअरच्याच वळणाची आहे. पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील गावांनी विवराविषयी काय सांगितले, मीठ काढणाऱ्यांनी काय सांगितले, कमळजादेवीच्या यात्रेस जाणाऱ्या स्त्रियांनी काय सांगितले, हे छापील कथेत येत नाही.

विशेषतः स्त्रियांच्या पाठांची उणीव मोठी आहे. लवणासुराच्या बहिणींचे पुढे काय झाले, हा प्रश्न जात्यावर बसणाऱ्या स्त्रीला पडला नसेल, असे मानता येत नाही. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरील ओव्यांचा प्रचंड संग्रह सिद्ध करून स्त्रियांची मौखिक परंपरा किती संपन्न आहे, हे दाखवून दिले. पिठाची गिरणी घरोघरीच्या जात्यांची जागा घेऊन गेली आहे. ज्यांनी प्रत्यक्ष दळताना ओव्या म्हटल्या, ती पिढी आता वृद्ध आहे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

महाविद्यालयातील विद्यार्थी हे कार्य करू शकतात. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. कथा सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवावी. छापील पाठाप्रमाणे ती ‘दुरुस्त’ करू नये. ती कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी सांगितली, याची नोंद ठेवावी आणि सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी. एकाच गावातील दोन पाठ भिन्न असतील, तर दोन्ही जपावेत. तुलना सर्वांत शेवटी करावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. मंठा परिसराभोवतीच्या कथांत जगभर आढळणारे आदिबंध निःसंशय आहेत. परंतु त्यांच्या साम्याची कारणे भिन्न आहेत. दैत्यवध हा प्राचीन भाषिक–सांस्कृतिक वारसा आहे. विवराचे झाकण हे भूप्रदेशावरून केलेले अनुमान आहे. मातृवध व मागे न पाहण्याचा निर्बंध यांच्या मुळाशी सार्वत्रिक सामाजिक व मानसिक अनुभव आहेत. मत्स्योदरीचे साम्य केवळ नावापुरते आहे. म्हणून ‘हा आदिबंध आहे’ एवढे म्हटल्याने अभ्यास पूर्ण होत नाही, तो तेथे सुरू होतो.

लोणारच्या कथाकाराने क्रीटचे नाव ऐकले नव्हते आणि माहूरच्या भक्ताला ऑर्फिअस ठाऊक नव्हता. तरीही दोघांनी मानवजातीच्या सामायिक कथेत आपली भर घातली. ती भर कोणती, हे सांगण्याची जबाबदारी या भूमीत राहणाऱ्या अभ्यासकांची आहे. कारण परदेशी सूचीमध्ये कल्पनाबंधाचा क्रमांक सापडेल, पण लवण हे नाव मिठाच्या भूमीत का रुजले आणि रेणुकेचे मुखच का पुजले जाते, याचे उत्तर सापडणार नाही.